एडनचा कप्तान, मुंबईचा कैदी

वासुदेव बळवंत फडके यांचा १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात अंत झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. अरबस्तानच्या टोकावरील हे बंदर मुंबई सरकारच्या अखत्यारीत आले कसे, ही कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. तिचा नायक कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स.

कंपनीच्या मुंबईतील आरमारात घडलेल्या या अधिकाऱ्याने ‘पालिनुरस’ जहाजावरून अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजून काढला. तेव्हा खरी निकड कोळशाची होती. १८३० मध्ये मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुवेझला निघाली, तेव्हा कोळशासाठी तिला वाटेत ठिकठिकाणी थांबावे लागले. या जलमार्गावर कंपनीला हक्काचा तळ हवा होता.

१८३७ मध्ये ब्रिटिश निशाणाखालचे ‘दर्या दौलत’ हे हिंदी जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले. मुंबईचा ग्रँट रोड ज्याच्या नावाचा, त्या गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटने हेन्सला लाहेजच्या सुलतानाकडे धाडले. भरपाई मागायची आणि जमल्यास बंदरच विकत घ्यायचे! लूट हे कारण किती आणि निमित्त किती, हे या दुसऱ्या मागणीतून उमगते. बोलणी फिसकटली. १९ जानेवारी १८३९ रोजी तोफा डागून एडन घेण्यात आले. ते पाहायला ग्रँट हयात नव्हता. आदल्या जुलैतच दापोडीला त्याचे निधन झाले होते.

हेन्सचा हुद्दा ‘पोलिटिकल एजंट’चा; प्रत्यक्षात तो तिथला गव्हर्नरच. जेमतेम काही शे वस्तीचे ते उजाड गाव त्याच्या पंधरा वर्षांच्या कारभारात हजारोंचे गजबजलेले बंदर झाले. पण हिशेबाच्या वह्या त्याला कधी सांभाळता आल्या नाहीत.

१८५४ मध्ये तपासणी झाली आणि सुमारे २८ हजार पौंडांची तूट निघाली. मुंबईत खटला उभा राहिला. ज्युरीने त्याला अपहाराच्या आरोपातून मुक्त केले, तरी सरकारने ती रक्कम त्याच्याच अंगावर टाकली आणि फेडता येईना म्हणून कर्जदार या नात्याने तुरुंगात डांबले. ज्या सरकारला त्याने एक बंदर मिळवून दिले, त्याच सरकारच्या कोठडीत त्याची सहा वर्षे गेली.

१८६० मध्ये नवे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी त्याची सुटका केली. मायदेशी निघालेला हेन्स आठवडाभरातच, मुंबई बंदरातील जहाजावर मरण पावला. एडनचा कारभार मात्र १९३२ पर्यंत मुंबईहूनच चालत राहिला.