त्वरित निदान आणि त्याची कसोटी



मोटारींचे मोठे कारखाने येण्यापूर्वी पिंपरीचे नाव देशभर पोहोचले, ते पेनिसिलीनमुळे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या तिच्या कारखान्यातून पुढच्याच वर्षी पेनिसिलीन बाहेर पडू लागले. औषध हाती आले. पण ते कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न औषधाने सुटत नाही. पेनिसिलीन कित्येक जंतूंना मारते, परंतु क्षयाच्या जंतूवर त्याचा उपयोग होत नाही आणि विषाणूवर तर मुळीच नाही. रोग्याच्या अंगात ताप मात्र तिन्ही वेळा सारखाच असतो. म्हणून औषधाच्या इतिहासाइतकाच निदानाचा इतिहासही आपण समजून घेतला पाहिजे.

रोग ओळखण्याची जुनी खात्रीची रीत म्हणजे रोग्याचे रक्त अथवा थुंकी घेऊन तीतील जंतू प्रयोगशाळेत वाढविणे. या रीतीला वेळ लागतो. विषमज्वराचा जंतू वाढावयास काही दिवस हवेत. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडलेला क्षयाचा जंतू तर कित्येक आठवडे घेतो. तोवर रोगी वाट पाहत राहत नाही. यावर उपाय म्हणून १८९६ साली विडाल या फ्रेंच वैद्याने विषमज्वरासाठी दुसरी वाट दाखविली. जंतू न शोधता, त्याच्याशी झुंजण्यासाठी रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे शोधावयाची. ही तपासणी स्वस्त व सोपी असल्यामुळे आपल्याकडील प्रयोगशाळांतून ती चांगलीच रुजली. परंतु जेथे विषमज्वर नेहमीचाच, तेथे पूर्वी होऊन गेलेल्या आजाराच्या खुणाही रक्तात सापडतात आणि आजच्या तापाचे खापर भलत्याच रोगावर फुटते. वेळ वाचला, पण खात्री गमावली.

हाच प्रश्न २०२० साली फार तीव्र रूपाने आपल्या दारात आला. त्या वर्षीच्या ९ मार्चला महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले. पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही आढळले. सुदैवाने १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच होती. तेथील आरटी-पीसीआर तपासणी विषाणूचे जनुकद्रव्यच ओळखत असे. मात्र रुग्ण शेकड्यांनी वाढू लागल्यावर परदेशी साहित्यावर विसंबून भागणार नव्हते.

अशा वेळी पुण्याच्या मायलॅब या कंपनीने मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा आठवड्यांत देशी संच तयार केला. सहा-सात तासांचे काम या संचाने अडीच तासांवर आणले, असे कंपनीने सांगितले. पण कंपनीचा शब्द पुरेसा मानला गेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संच प्रथम विषाणू संस्थेकडे गेला. ज्या नमुन्यांत विषाणू आहे हे आधी ठाऊक होते आणि ज्यांत नाही हेही ठाऊक होते, त्या सर्वांवर त्याचे उत्तर शंभर टक्के जुळले. मगच मार्चअखेर तो वापरात आला.

पुढच्याच महिन्यात उलट अनुभव आला. प्रतिपिंडे शोधणारे झटपट संच परदेशातून लाखोंनी आणले गेले. राजस्थानने तक्रार केली, की खात्रीने बाधित असलेल्यांपैकी जेमतेम पाच टक्केच या संचांनी ओळखले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २१ एप्रिलला वापर थांबविण्यास सांगितले, प्रत्यक्ष क्षेत्रात पुन्हा पडताळणी केली आणि निकालांत मोठी तफावत दिसताच २७ एप्रिलला दोन कंपन्यांचे संच परत करण्याचा आदेश दिला. सुरुवातीस हे संच आशादायक वाटले होते. कसोटी एकदा उतरली म्हणजे कायमची उतरली असे नव्हे, हा त्यातला धडा होय.

जूनमध्ये तिसरा प्रकार आला. नाकातील स्रावातून विषाणूचे प्रथिन ओळखणारी अँटिजेन तपासणी पंधरा ते तीस मिनिटांत उत्तर देई. परिषदेने व दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ती पारखली. 'आहे' म्हटले तर ते जवळजवळ नेहमी खरे. पण असलेला रोग ओळखण्याचे प्रमाण केवळ ५०.६ ते ८४ टक्के. हा उणेपणा लपविला गेला नाही. त्यावरून नियम झाला, की लक्षणे असूनही उत्तर 'नाही' आले, तर आरटी-पीसीआर तपासणी केलीच पाहिजे.

या आकड्यांचा अर्थ चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहा. समजा, सकाळच्या पाळीत हजार कामगार आले आणि त्यांपैकी वीस बाधित आहेत. निम्मेच ओळखणारी तपासणी दहांना बाजूस काढील. उरलेले दहा जण 'नाही' असा निकाल खिशात घालून आत जातील, डबा सोडताना शेजाऱ्याजवळ बसतील आणि संध्याकाळी घरी म्हाताऱ्या आईजवळ जातील. नियम पाळला, तर तीच तपासणी उपकारक ठरते, कारण तिने दहा जण तरी पंधरा मिनिटांत थांबविले. नियम सोडला, तर ती खोटा दिलासा देते.

म्हणून उद्या आपल्या वॉर्डातील प्रयोगशाळेत तासाभरात निकाल देणारी एखादी नवी तपासणी आली, तर तिचे स्वागत अवश्य करावे. परंतु त्याचबरोबर दोन प्रश्नही विचारावेत. जुन्या खात्रीच्या पद्धतीशी ती कोणी ताडून पाहिली? आणि शंभरांत ती किती वेळा चुकते? हे प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानावर अविश्वास दाखविणे नव्हे. पुण्यातील त्या संस्थेने मार्च २०२० च्या धांदलीतही हेच प्रश्न विचारले होते, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच संच पुढे गेला.