माउसच्या पोटातली गोळी

१९९८ साली मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका डीटीपी केंद्रात कामाला लागलो. दिवाळी अंकांची घाई. एक्स्प्लोररमध्ये फाइल ओढत न्यावी, तर बाण मध्येच अडखळे आणि फाइल भलत्याच फोल्डरात पडे. नवी मुलं म्हणत, व्हायरस आला. मी आधी माउस उलटा करायचो. खालची चकती फिरवली, की रबरी आवरणाची जड गोळी तळहातावर येई. आत दोन बारीक रूळ, एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. त्यांवर मळाचा काळा पट्टा बसलेला असे. बाण आडवा सरकतोय पण वर चढत नाही, म्हणजे उभ्याचा रूळ मळला! इतकं स्वच्छ निदान मी नंतर फारसं पाहिलं नाही. नखाने मळ खरवडायचा, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, झालं.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये घडवलेल्या पहिल्या, लाकडी माउसला गोळी नव्हतीच. काटकोनात बसवलेली दोन चाकं थेट टेबलावर फिरत. गोळी पुढे आली, आणि १९९९ नंतर प्रकाशावर चालणाऱ्या माउसांनी तिला हळूहळू घालवलं.

आजही बाण उड्या मारू लागला, तर आधी टेबलावर काच आहे का बघा; प्रकाशाच्या माउसला ती चकवते. माउसखाली एक साधा कागद ठेवून पाहा.