‘पण लक्षात कोण घेतो!’ : पुण्याचा वाडा आणि कादंबरीतील संघर्ष

मराठी सामाजिक कादंबरीचा इतिहास लिहिताना हरिभाऊ आपटे यांच्या सुधारणावादाची चर्चा विपुल होते; त्यांच्या स्थलयोजनेचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. वस्तुतः हा सुधारणावाद वाचकाच्या मनात उतरतो तो युक्तिवादापेक्षा वाड्याच्या वातावरणातून.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कृतीचा विषयही विधवांचे दुःख हाच होय. तेथील यमुना प्रवासात विधवांच्या कहाण्या ऐकते. स्थळे बदलत राहिल्याने वातावरण साठत नाही आणि संघर्ष बहुतांशी संवादातील वादापुरता उरतो. ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या व १८९३ मध्ये पुस्तकरूप झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ मधील यमू मात्र पुण्याच्या ब्राह्मणी घरात वाढते आणि तशाच घरात नांदावयास जाते. माजघर स्त्रियांचे, ओटी पुरुषांची. वडीलधाऱ्यांदेखत पती-पत्नीने बोलणे हाच मर्यादाभंग. म्हणजे खलप्रवृत्तीच्या पात्राने काही करण्यापूर्वीच संघर्ष घराच्या मांडणीत हजर असतो.

रघुनाथरावांसह मुंबईस बिऱ्हाड केल्यावर निवेदनाचा सूर पालटतो. तेथे वाचन आहे, मोकळे बोलणे आहे. परंतु बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्येच खुला झाला होता. पुणे आता फार दूर राहिले नव्हते, आणि त्याची सावली या सुखावर पडलेलीच असते. पतिनिधनानंतर यमूचे बळजबरीने केशवपन होते. निवेदन तिचेच, तेही गतायुष्याकडे पाहणारे असल्याने आधीच्या आनंदाच्या प्रसंगांनाही विषादाची किनार लाभते.

कादंबरी क्रमशः येत असतानाच, मार्च १८९१ मध्ये, संमतिवय १० वरून १२ वर्षे करणारा कायदा झाला. लोकमान्य टिळकांचा त्यास विरोध होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यास आले होते. ‘करमणूक’च्या पुणेकर वाचकास यमूचे घर परके वाटण्याचे कारण नव्हते.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. शंकरमामंजी इतके काळेकुट्ट रंगविले आहेत, की रूढीचा दोष एका दुष्ट माणसाच्या माथी जाण्याचा संभव निर्माण होतो. प्रत्यक्षात अशा एका माणसाची गरज नव्हती. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनातील विधवा विद्यार्थिनीशी पुण्यात विवाह केला, तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार घातला तो मुरुड येथील त्यांच्या स्वतःच्या गावकऱ्यांनी.