स्तूपाखालचे शहर

मोहेंजोदडोचे नाव आपण सर्वांनीच शाळेत ऐकले आहे. पण ते शहर एका बौद्ध स्तूपापाशी सापडले, हे आपल्या मुलांना फारसे कुणी सांगत नाही. १९२२ साली राखालदास बॅनर्जी सिंधमधल्या एका टेकाडावर कुशाणकाळचा मानला जाणारा स्तूप खणत होते. खाली लागले स्तूपाहून दोन हजारांवर वर्षे जुने बांधकाम, आणि पंजाबात हडप्प्याला मिळाल्या होत्या तशाच मुद्रा. १९२४ साली जॉन मार्शल यांनी हा शोध जगाला जाहीर केला.

एवढे शहर काही एका रात्रीत उभे राहिले नाही. त्याची मुळे बलुचिस्तानात, बोलन खिंडीजवळच्या मेहरगढला आहेत. १९७४ पासून फ्रेंच संशोधकांनी तिथे उत्खनन केले. किमान सात हजार वर्षांपूर्वी तिथली माणसे जव-गहू पिकवीत, गाईगुरे-शेळ्यामेंढ्या पाळीत, कच्च्या विटांची घरे बांधीत. लहान लहान कप्प्यांच्या काही इमारतीही सापडल्या. त्या धान्याच्या कोठ्या असाव्यात. आमच्या मते सगळी गोष्ट या कणगीपाशीच सुरू होते. खाऊन धान्य उरले की घरातला एखादा शेत सोडून मडकी घडवतो, कुणी मणी घासतो, कुणी तांबे ओततो. मग देवाणघेवाण आली, तिच्यासाठी वाटा आल्या. पुढे सिंधूच्या गाळाच्या जमिनीवर गावे वाढली, आणि इ. स. पू. २६०० च्या सुमारास त्यांतून नगरे झाली.

नगरे कशी? भाजलेल्या विटा ठरावीक मापाच्या, म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि चौपट लांबी. वजनेही दूरदूरच्या गावांतून एकसारखी. घरोघरी न्हाणी, गल्लीगल्लीत झाकलेले गटार. पिरॅमिडसारखे राजाचे थडगे मात्र नाही, आणि लिपी अजून वाचता न आल्याने एकाही राजाचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

या गटारांचे कौतुक सगळेच करतात. ती उपसत कोण होते, हे मात्र कुणी विचारीत नाही. काही गटारांच्या कडेला उपसलेल्या वाळूचे लहान ढीग तसेच पडलेले सापडले. कुणीतरी खाली वाकून, हाताने ती काढली असणार. त्या माणसाचे घर कुठल्या गल्लीत होते, त्याच्या घरी न्हाणी होती का, हे आम्हाला राजाच्या नावाहून जास्त जाणून घ्यावेसे वाटते.

इ. स. पू. १९०० नंतर ही शहरे ओस पडत गेली आणि माणसे पुन्हा लहान गावांतून राहू लागली. त्या उत्तरकाळाच्या धाटणीची मातीची भांडी आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादलाही मिळाली आहेत.