चालू दर कोणी ठरवायचा? अमेरिकेच्या वीजकेंद्रातील परदेशी ऑपरेटर आणि ‘प्रचलित वेतना’चा इतिहास

१/ ४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर थॉमस एडिसनच्या कंपनीचे वीजकेंद्र सुरू झाले. कोळशावर तापणारे बॉयलर, त्यांच्या वाफेवर फिरणारी यंत्रे आणि त्या यंत्रांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी माणसे. हे काम करणारा माणूस पुढे ‘पॉवर प्लांट ऑपरेटर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. असा ऑपरेटर परदेशातून कायमचा आणायचा असेल, तर त्याला किमान किती पगार द्यावा, हे आज अमेरिकी सरकार आकड्यात सांगते. त्या आकड्याचा हा इतिहास.

२/ या आकड्याला ‘प्रचलित वेतन’ म्हणतात. त्या भागात, त्या कामाचा चालू दर. गावात गवंड्याचा रोज किती, हे जसे चारचौघांना ठाऊक असते, तशीच ही कल्पना. ऐकायला सोपी, पण ती कायद्यात उतरताच दोन प्रश्न उभे राहतात. हा दर मोजायचा कोणी? आणि मोजायचा कसा? या धाग्यातील जवळजवळ प्रत्येक संघर्ष या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

३/ सुरुवात मात्र अगदी उलट टोकाला झाली. यादवी युद्धामुळे अमेरिकेत मजुरांची टंचाई होती. ४ जुलै १८६४ रोजी अब्राहम लिंकन यांनी स्थलांतराला उत्तेजन देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यानुसार परदेशी मजुराला प्रवासखर्चाच्या बदल्यात आपली कमाल बारा महिन्यांची मजुरी गहाण टाकण्याची मुभा मिळाली. मजूर आणा, कसाही आणा, हे धोरण होते. १८६८ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी कराराने मजूर आणण्याची प्रथा सुरूच राहिली.

४/ त्याची प्रतिक्रिया उमटणे अटळ होते. संप फोडण्यासाठी आणि मजुरी पाडण्यासाठी मालक परदेशातून माणसे आणतात, अशी ‘नाइट्स ऑफ लेबर’ या बलाढ्य कामगार संघटनेची तक्रार होती. ओहायोचे प्रतिनिधी मार्टिन फोरन यांनी पुढे रेटलेला कायदा २६ फेब्रुवारी १८८५ रोजी अस्तित्वात आला. आधी करार करून, भाडे भरून परदेशी मजूर आणणे आता गुन्हा ठरले. पर्ल स्ट्रीटचे केंद्र तेव्हा तीन वर्षांचेही झाले नव्हते.

५/ या बंदीत काही अपवाद होते. नट, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर यांना सूट होती. आणखी एक अपवाद फार बोलका आहे. देशात अजून न रुजलेल्या नव्या उद्योगासाठी कुशल कारागीर बाहेरून आणता येत. अट एवढीच, की तसे कौशल्य देशात मिळत नसावे. ‘इथे माणूस मिळत नाही, हे आधी दाखवा’ ही आजच्या नियमांतली अट इथे प्रथम डोकावते. पगार किती द्यावा, याविषयी मात्र कायदा मौन बाळगून होता.

६/ पगाराची अट आली ती दुसऱ्याच वाटेने. १८९१ मध्ये कॅन्सस राज्याने सरकारी कामांवर आठ तासांचा दिवस ठरवला. तास कमी झाले म्हणून रोज कापला जाऊ नये, यासाठी त्या ठिकाणचा चालू रोज द्यावा, अशी तरतूद केली. अमेरिकेतील प्रचलित वेतनाचा हा पहिला कायदा मानला जातो. परदेशी कामगारांशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

७/ ही कल्पना राष्ट्रीय झाली ती १९३१ मध्ये. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय बांधायचे होते. कंत्राट अलाबामाच्या ठेकेदाराला मिळाले आणि त्याने आपले मजूर दक्षिणेतूनच आणले. तेथील प्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांनी १९२७ मध्ये विधेयक मांडले. पुढे सिनेटर जेम्स डेव्हिस यांची साथ मिळाली आणि ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी डेव्हिस-बेकन कायद्यावर सही केली. सरकारी बांधकामावर स्थानिक चालू दर बंधनकारक झाला.

८/ या कायद्याच्या जन्मकथेवर एक डागही आहे. अलाबामाहून आलेले ते मजूर अमेरिकी नागरिकच होते आणि त्यांत अनेक कृष्णवर्णीय होते. विधेयकाच्या चर्चेत त्यांच्या वर्णाचा उल्लेख झाला. म्हणजे ‘बाहेरचा स्वस्त मजूर’ ही भीती देशाच्या सीमेपाशी सुरू होत नव्हती. ती राज्याच्या आणि वर्णाच्या सीमेपाशीही उभी होती. दुसरीकडे, कायद्याला ज्यांचे नाव लागले ते डेव्हिस स्वतः वेल्समध्ये जन्मलेले स्थलांतरित होते आणि तरुणपणी त्यांनी लोखंडाच्या भट्टीवर काम केले होते.

९/ मग मोजणीचा प्रश्न आला. एका गावात दहा सुतार दहा वेगवेगळे दर घेत असतील, तर चालू दर कोणता? बहुसंख्यांचा एकच दर नसेल, तर निदान ३० टक्के कामगारांना मिळणारा समान दर धरावा, असे १९३५ पासून ठरले. संघटित कामगारांचा दर एकसारखा असतो, त्यामुळे अनेकदा तोच ग्राह्य धरला जाई. १९८३ मध्ये रेगन यांच्या काळात ३० टक्क्यांचा नियम गेला. २०२३ मध्ये तो परत आला. कायद्याचे शब्द तेच राहिले, मोजण्याची रीत तेवढी बदलली. आणि तेवढ्याने मजुरी बदलली.

१०/ प्रचलित वेतन आणि परदेशी मजूर यांची मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती शेतात. ४ ऑगस्ट १९४२ रोजी मेक्सिकोशी ‘ब्रासेरो’ करार झाला. मेक्सिकन शेतमजुराला त्या भागातील चालू दर आणि निदान ताशी ३० सेंट द्यावेत, असे ठरले. प्रत्यक्षात हंगामापूर्वी मळेवालेच आपसांत दर ठरवत आणि तोच ‘प्रचलित’ म्हणून नोंदला जाई. अर्नेस्टो गलार्झा यांनी १९५६ मध्ये या मजुरांची दैना जगापुढे मांडली. १९६४ च्या अखेरीस ही योजना बंद झाली. ज्याला मजुरी द्यायची आहे, त्यानेच दर सांगितला तर काय होते, याचा हा धडा होता.

११/ दरम्यान कारखान्यांसाठीचे नियमही पालटत होते. १९५२ च्या कायद्याने करारबंदीची जुनी चौकट मोडली. आता परदेशी कामगार येऊ शके. मात्र देशात पुरेसे कामगार आहेत किंवा त्याच्या येण्याने वेतन व कामाची स्थिती बिघडेल, असे कामगार मंत्र्यांनी जाहीर केले तर त्याची वाट अडे. १९६५ मध्ये हा काटा उलटा फिरवला गेला. आता कामगार खात्याने ‘वेतन बिघडणार नाही’ असे प्रमाणपत्र दिल्याशिवाय दार उघडेनासे झाले. वेतन बिघडणार नाही हे दाखवायचे, तर आधी चालू वेतन किती हे ठरवायला हवे. प्रचलित वेतन स्थलांतराच्या कायद्यात रुजले ते असे.

१२/ वीजकेंद्रातल्या ऑपरेटरची अडचण इथून सुरू होते. १९९० च्या कायद्याने आजचा एच-१बी व्हिसा घडवला. त्यात मालकाला त्या जागेचे प्रत्यक्ष वेतन आणि प्रचलित वेतन यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे लागते. परंतु हा व्हिसा ज्या कामाला विशिष्ट विषयातील पदवी लागते, अशाच कामासाठी आहे. अमेरिकेत ऑपरेटरचे काम सामान्यतः शालेय शिक्षण आणि प्रदीर्घ प्रत्यक्ष प्रशिक्षण यांवर मिळते. कंट्रोल रूममधली जबाबदारी कितीही मोठी असो, पदवीची अट नसल्याने हे दार बहुधा बंदच राहते.

१३/ दुसरे दार एच-२बीचे. १९८६ मध्ये शेतीची आणि शेतीबाहेरची हंगामी कामे वेगळी केली गेली, त्यातून हा व्हिसा आला. पण त्यासाठी मालकाची गरज तात्पुरती असावी लागते. वीजकेंद्र रात्रंदिवस, तीन पाळ्यांत, वर्षानुवर्षे चालते. तेथील ऑपरेटरची गरज तात्पुरती आहे असे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य.

१४/ उरते तिसरी वाट: कायम वास्तव्याची, म्हणजे ग्रीन कार्डाची. निदान दोन वर्षांचे प्रशिक्षण किंवा अनुभव लागणारे काम ‘कुशल कामगार’ या वर्गात बसते. २८ मार्च २००५ पासून त्यासाठी ‘पर्म’ ही पद्धत लागू आहे. मालकाने सरकारकडून प्रचलित वेतन ठरवून घ्यायचे, निदान तेवढ्या पगाराची जाहिरात देऊन स्थानिक माणूस शोधायचा आणि पात्र, इच्छुक माणूस मिळाला नाही, तरच अर्ज करायचा. १८८५ चा ‘इथे माणूस मिळत नाही’ हा अपवाद आणि १८९१ चा ‘चालू रोज’ इथे एकाच कागदावर भेटतात.

१५/ आकडा ठरतो कसा? २०१० पासून हे काम कामगार खात्याच्या राष्ट्रीय केंद्राकडे आहे. मालक आणि कामगार संघटना यांच्यात त्या जागेसाठी खुल्या वाटाघाटीतून सामूहिक करार झालेला असेल, तर करारातला दर हेच प्रचलित वेतन. वीज उद्योगात संघटना जुन्या आणि मजबूत असल्याने हा नियम फार महत्त्वाचा. करार नसेल, तर सरकारच्या व्यवसायनिहाय वेतन पाहणीतून दर काढला जातो. निकषांत बसणारी दुसरी पाहणीही मालक देऊ शकतो. सरकारी वर्गीकरणात वीजकेंद्राचा ऑपरेटर ५१-८०१३ या क्रमांकावर आहे. अणुभट्टीचा ऑपरेटर वेगळा, ५१-८०११ वर.

१६/ या पाहणीतून एक दर निघत नाही, चार पायऱ्या निघतात. २००४ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने त्या बांधून दिल्या. पूर्वी दोनच पायऱ्या होत्या. मधल्या दोन काढण्याचे सूत्र कायद्यातच आहे: वरच्या व खालच्या दरातील फरकाला ३ ने भागा, तो भागाकार खालच्यात मिळवा आणि वरच्यातून वजा करा. समजा खालचा दर ताशी ३० डॉलर आणि वरचा ६० डॉलर. मग चार पायऱ्या होतील ३०, ४०, ५० आणि ६०. याच कायद्याने प्रचलित दराच्या ९५ टक्के दिले तरी चालेल, ही जुनी सवलत काढून पूर्ण १०० टक्क्यांचे बंधन घातले.

१७/ खरी मेख पुढे आहे. एखाद्या भागातील शंभर ऑपरेटर पगाराच्या चढत्या क्रमाने ओळीत उभे केले, तर पहिली पायरी साधारण सतराव्या माणसापाशी येते, दुसरी चौतिसाव्यापाशी, तिसरी पन्नासाव्यापाशी आणि चौथी सदुसष्टाव्यापाशी. म्हणजे खालच्या दोन पायऱ्यांचे ‘प्रचलित’ वेतन हे त्या ओळीच्या मध्यापेक्षा कमी असते. शिवाय पायरी ठरते ती मालकाने जागेसाठी लिहिलेल्या अनुभव, शिक्षण व देखरेखीच्या अटींवरून. येणाऱ्या माणसाच्या प्रत्यक्ष अनुभवावरून नव्हे.

१८/ ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने या पायऱ्या एका फटक्यात ४५, ६२, ७८ आणि ९५ वर नेल्या. जनतेची मते न मागवता केलेला हा नियम डिसेंबरमध्ये न्यायालयांनी रद्द ठरवला. जानेवारी २०२१ मध्ये ३५, ५३, ७२ आणि ९० असा सौम्य नियम आला. तोही जून २०२१ मध्ये न्यायालयात रद्दबातल झाला. एका बाजूचे म्हणणे होते की जुन्या पायऱ्यांनी स्थानिकांची मजुरी पडते. दुसऱ्या बाजूचे, की नव्या पायऱ्यांनी परदेशी माणसाचे दारच बंद होते. दोन्ही बाजू ‘प्रचलित’ या एकाच शब्दाचा आधार घेत होत्या.

१९/ भारतात जन्मलेल्या ऑपरेटरसाठी या कथेला आणखी एक वळण आहे. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे येऊ नयेत, अशी मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. प्रमाणित नोकरीचे वेतन तर ती नोकरी प्रत्यक्ष सुरू झाल्यावर लागू होते. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात पाळ्या करून तयार झालेल्या कुणी हा मार्ग धरला, तर कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा पगार यांच्यामध्ये उमेदीची वर्षे उभी राहतात.

२०/ १८६४ मध्ये मजुरी गहाण टाकण्याची मुभा होती, १८८५ मध्ये करारच गुन्हा ठरला आणि आज सरकार किमान आकडा लिहून देते. मजुराच्या बाजूने पाहता ही वाटचाल लहान नाही. पण ब्रासेरोच्या शेतात जो प्रश्न होता, तो अजून सुटलेला नाही. प्रचलित वेतनाचा निर्णय मान्य नसेल, तर फेरविचार मागण्याचा अधिकार मालकाला आहे. ज्याच्या मजुरीचे रक्षण व्हायचे तो स्थानिक ऑपरेटर आणि ज्याला ती मजुरी मिळायची तो परदेशी ऑपरेटर, दोघांनाही त्या टेबलावर जागा नाही. अपवाद एकच: जिथे संघटनेचा सामूहिक करार आहे, तिथला दर मात्र कामगारांनी स्वतः बसून ठरवलेला असतो.