सहल, शैक्षणिक (मुलींची) : विठ्ठलवाडी व कल्याण परिसर

माध्यमिक शाळेतील विद्यार्थिनींनी शिक्षिकांच्या देखरेखीखाली, पाठ्यविषयाशी संबंध असलेले स्थळ, वास्तू अथवा उद्योग प्रत्यक्ष पाहून स्वतःची निरीक्षणे नोंदविण्याच्या हेतूने केलेला प्रवास. कल्याण व उल्हासनगर यांच्या हद्दीवर वसलेल्या विठ्ठलवाडीसारख्या दाट लोकवस्तीत या प्रवासाला आणखी एक अर्थ आहे : आठवी ते दहावीच्या वर्गांतील पुष्कळ मुलींचा तो घरच्या माणसांच्या सोबतीवाचून घडणारा पहिलाच प्रवास असतो, आणि म्हणून त्याची गणना विरंगुळ्यात करणे अन्यायाचे आहे.

पूर्वपीठिका : पुण्यात फुले दांपत्याने 1848 साली मुलींची शाळा काढली आणि 1884 साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली, तथापि शाळेत जाणाऱ्या मुलीने शिक्षणासाठी गावाची वेसही ओलांडावी, हे समाजाला मान्य होण्यास दीर्घ काळ लागला. 1865 साली कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 साली पतीच्या सोबतीविना समुद्रमार्गे अमेरिकेस गेल्या व 1886 साली त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली, ही घटना याच परिसराच्या इतिहासातील आहे. जे त्यांच्या वाट्याला अपवाद म्हणून आले, ते अल्प प्रमाणात का होईना, वर्गातील प्रत्येकीच्या वाट्यास नियम म्हणून यावे, हेच मुलींच्या सहलीचे खरे प्रयोजन होय.

स्थळे : विठ्ठलवाडीहून लोकलने दुसरेच स्थानक असलेल्या अंबरनाथ येथील शिवमंदिर हे या दृष्टीने अग्रगण्य आहे. शके 982 म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख, शिलाहार राजवटीचा संदर्भ, भूमिज शैलीचे शिखर आणि मंडपातून पायऱ्या उतरून जावे लागणारे खोल गर्भगृह, इतकी सामग्री एकाच आवारात असल्यामुळे इतिहास, भूमिती व चित्रकला या तिन्ही विषयांचे पाठ तेथे घेता येतात. बाह्यभिंतींवरील स्त्रीमूर्तींची वेशभूषा, केशरचना व अलंकार वहीत रेखाटावयास सांगितल्यास पाठ्यपुस्तकात राजांच्या नावांपुरता उरलेला काळ मुलींना माणसांनी भरलेला दिसू लागतो.

मंदिराच्या कडेने वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगर व विठ्ठलवाडीच्या परिसरातून कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने तिची जी अवस्था झाली आहे तीही अभ्यासाचाच विषय आहे. उगमाकडील व खालच्या टप्प्यातील पाण्याचा रंग आणि वास यांची तुलना करणे, आणि 26 जुलै 2005 च्या महापुरात पाणी कोठवर चढले होते हे वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर मांडणे, यासाठी लांबच्या प्रवासाची गरज नाही. उल्हासनगर ही फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रय घेतलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत असल्याने, वर्गमैत्रिणीच्या आजीची मुलाखत हीसुद्धा सहलीतील एक मुक्काम ठरू शकते.

बोरिवलीजवळील कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत प्राचीन कल्याणच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचा उल्लेख आढळतो व तेथील दात्यांत भिक्षुणी आणि गृहस्थ स्त्रियाही आहेत. कल्याणच्या मुलींना हे दगडावर कोरलेले दाखविण्याइतका परिणामकारक पाठ क्वचितच असेल. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र व तारांगण ही शाळांची नेहमीची स्थाने आहेत. जलक्रीडांच्या उद्यानांकडे मात्र सहलीच्या नावाखाली वाढलेला ओढा खेदजनक आहे, कारण त्यात खर्च अधिक व शिकण्याजोगे अत्यल्प असते.

व्यवस्था : विठ्ठलवाडी येथे राज्य परिवहन महामंडळाचे आगार असून शालेय सहलींसाठी महामंडळाच्या गाड्या सवलतीच्या दराने मिळतात. शिक्षण खात्याची मंजुरी, पालकांचे लेखी संमतिपत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींसोबत महिला शिक्षिका या बाबी आवश्यक आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी बुडून मरण पावले. समुद्रकिनारे, धरणे व खोल विहिरी टाळण्याची दक्षता ही अशा दुर्घटनांतून आलेली आहे, तिच्याकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहू नये.

मुलींच्या सहलीत याहूनही महत्त्वाची, परंतु परिपत्रकांत सहसा दुय्यम राहणारी बाब स्वच्छतागृहांची आहे. वाटेवर व मुक्कामाच्या ठिकाणी स्वच्छ, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह आहे की नाही याची खातरजमा आधी झाली नसेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मासिक पाळी आलेली मुलगी पोटदुखीचे कारण सांगून घरी राहते. शिक्षिकेने पूर्वपाहणीत हेच प्रथम पाहावे, सॅनिटरी पॅड सोबत ठेवावेत आणि निघण्यापूर्वी वर्गात त्याविषयी मोकळेपणाने सांगावे.

दुसरा अडसर वर्गणीचा. धुणीभांडी वा रोजंदारी करणाऱ्या आईला मोठी रक्कम झेपत नाही, आणि घरात मुलगा व मुलगी दोघेही शिकत असतील तर अनेकदा मुलीचे नाव आधी गळते. एका दूरच्या सहलीऐवजी वर्षातून तीन-चार वेळा लोकलच्या तिकिटात होणारे अंबरनाथ किंवा पायी होणारी वालधुनीकाठची फेरी योजल्यास वर्गातील कोणतीही मुलगी मागे राहण्याचे कारण उरत नाही.