फ्लीटवुड मॅक

फ्लीटवुड मॅक : एक जगविख्यात ब्रिटिश-अमेरिकन रॉक व पॉप संगीतवृंद. स्थापना लंडन येथे १९६७ मध्ये. अर्धशतकाहून अधिक काळाच्या वाटचालीत या वृंदात एकूण १८ सदस्य येऊन गेले. त्यांपैकी आरंभापासून अखेरपर्यंत अखंडपणे टिकला, तो एकटा ड्रमवादक मिक फ्लीटवुड (१९४७– ). गायक बदलले, गीतकार बदलले, संगीताचा बाज आणि वास्तव्याचा देशही बदलला. नाव मात्र कायम राहिले. संगीतवृंदाचे सातत्य नेमके कशात असते – नावात, ते धारण करणाऱ्या वादकांत, की श्रोत्यांच्या कानांत रुजलेल्या आवाजांत – या प्रश्नाच्या दृष्टीने या वृंदाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे.

स्थापना व ब्लूज-कालखंड (१९६७–७०) : वृंदाचा संस्थापक पीटर ग्रीन (१९४६–२०२०) हा असामान्य गिटारवादक होता. जॉन मेयॉल याच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या वृंदात एरिक क्लॅप्टनच्या जागी त्याची निवड झाली होती. फ्लीटवुड व बेस गिटारवादक जॉन मॅकव्ही (१९४५– ) हे दोघेही त्याच वृंदात वाजवीत. ग्रीनने आपल्या नव्या वृंदाला स्वतःचे नाव न देता या दोन सहकाऱ्यांच्या आडनावांवरून नाव दिले. गंमत अशी, की विंडसर येथील महोत्सवात १३ ऑगस्ट १९६७ रोजी वृंद प्रथम रंगमंचावर आला, तेव्हा मॅकव्ही त्यात नव्हता. बॉब ब्रनिंग हा तात्पुरता वादक त्याच्या जागी होता. मॅकव्ही काही आठवड्यांनी येऊन मिळाला. दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर याच्या जोडीला १९६८ मध्ये १८ वर्षांचा डॅनी कर्वन आला.

या काळातील संगीत मुख्यतः आफ्रिकी-अमेरिकनांच्या ब्लूज परंपरेवर आधारलेले होते. ग्रीनची ‘अल्बट्रॉस’ ही केवळ वाद्यांची रचना १९६९ च्या आरंभी ब्रिटनमध्ये विक्रीत अग्रस्थानी पोहोचली. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे त्याचेच गीत पुढे सँटाना या अमेरिकन वृंदाने लोकप्रिय केले. परंतु यश व पैसा यांविषयी ग्रीनच्या मनात तीव्र विरक्ती निर्माण झाली, त्याचे मानसिक आरोग्य ढासळू लागले आणि मे १९७० मध्ये तो वृंदातून बाहेर पडला. ज्याने नाव दिले तो गेला. ज्यांचे नाव दिले होते ते राहिले. वृंदाच्या पुढील इतिहासाचे सूत्र येथेच निश्चित झाले.

संक्रमणकाळ (१९७०–७४) : ग्रीननंतर जॉन मॅकव्हीची पत्नी क्रिस्टीन (पूर्वाश्रमीची परफेक्ट, १९४३–२०२२) ही गायिका व पियानोवादक वृंदाची सदस्य झाली. फेब्रुवारी १९७१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना स्पेन्सर लॉस अँजेल्स येथे अचानक नाहीसा झाला. तो ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ या धार्मिक पंथात दाखल झाल्याचे काही दिवसांनी कळले. उरलेला दौरा पार पाडण्यासाठी ग्रीनला तात्पुरते बोलवावे लागले. त्याच वर्षी बॉब वेल्च हा वृंदातील पहिला अमेरिकन सदस्य आला. १९७२ मध्ये कर्वनला काढण्यात आले. बॉब वेस्टन व डेव्ह वॉकर आले आणि १९७३ संपण्यापूर्वी दोघेही गेले. वेस्टनच्या गमनामुळे चालू दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.

या अर्धवट दौऱ्यातून नावाच्या मालकीचा पेच उद्भवला. फ्लीटवुड मॅक हे नाव आपल्या मालकीचे आहे, असा दावा करून व्यवस्थापक क्लिफर्ड डेव्हिस याने १९७४ च्या आरंभी वेगळेच वादक जमवून त्यांना त्या नावाने अमेरिकेत पाठविले. त्यांच्यापैकी एकही मूळ वृंदातील नव्हता. खऱ्या सदस्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि तो दौरा मोडला. तथापि या वादात मूळ वृंदालाही बरेच महिने जाहीर कार्यक्रमांविना काढावे लागले. नाव ही व्यवस्थापकाने कोणालाही बहाल करावी अशी मालमत्ता आहे की वादकांची ओळख, हा प्रश्न येथे उघडपणे पुढे आला. या प्रकरणानंतर वृंदाने कॅलिफोर्नियात स्थलांतर केले व काही काळ स्वतःचे व्यवस्थापन स्वतःच पाहिले. वर्षअखेर वेल्चनेही वृंद सोडला.

उत्कर्षकाळ (१९७५–८७) : नव्या ध्वनिमुद्रणासाठी जागा पाहण्यास गेलेल्या फ्लीटवुडला तेथील नमुना म्हणून लिंडसे बकिंगहॅम व स्टीव्ही निक्स या जोडीचे एक गीत ऐकविण्यात आले. त्याला हवा होता केवळ गिटारवादक. परंतु निक्सशिवाय येण्यास बकिंगहॅमने नकार दिला आणि दोघांनाही घेण्यात आले. एका रिकाम्या जागेवर अशा रीतीने दोन गीतकार लाभले. क्रिस्टीनसह आता तीन गायक-गीतकार झाले आणि ब्लूज मागे पडून सुरेल, बहुस्वरी कॅलिफोर्नियन पॉप संगीत पुढे आले. वृंदाचेच नाव दिलेली १९७५ मधील दीर्घमुद्रिका वर्षाहून अधिक काळानंतर अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली.

रूमर्स (१९७७) ही दीर्घमुद्रिका अमेरिकेत ३१ आठवडे अग्रस्थानी होती. तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले व जगभरात तिच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. तिच्या निर्मितीच्या काळातच मॅकव्ही दांपत्य विभक्त झाले आणि बकिंगहॅम व निक्स यांचे संबंधही तुटले. पूर्वी याहून लहान कलहांनी वृंद फुटला होता. या वेळी कोणीही गेले नाही. परस्परांविषयीची गीते परस्परांच्याच साथीने गायिली गेली. हा पाच जणांचा संच १२ वर्षांहून अधिक काळ टिकला. टँगो इन द नाइट (१९८७) नंतर दौऱ्यावर जाण्याचे नाकारून बकिंगहॅम बाहेर पडला.

उत्तरकाळ : बकिंगहॅमच्या जागी बिली बर्नेट व रिक व्हिटो आले. १९९० नंतर निक्स व व्हिटो गेले. पुढे बेका ब्रॅमलेट व डेव्ह मेसन आले. टाइम (१९९५) या दीर्घमुद्रिकेत फ्लीटवुड, जॉन व क्रिस्टीन मॅकव्ही असे तिघेही होते. तरीही ती अयशस्वी ठरली व वृंद विसर्जित झाला. नावावरील हक्क निर्विवाद असला, तरी श्रोत्यांची मान्यता आपोआप मिळत नाही, हे या अपयशाने दाखविले. उलट, १९९७ मध्ये जुने पाच सदस्य एकत्र येताच द डान्स ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत अग्रस्थानी गेली.

‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने १९९८ मध्ये वृंदाचा गौरव केला, तेव्हा आठ जणांची निवड झाली. त्यात ग्रीन, स्पेन्सर व कर्वन होते, परंतु वेल्चचे नाव वगळण्यात आले. सर्वांत अनिश्चित वर्षांत त्याने वृंद टिकवून धरला होता. यशाच्या दोन शिखरांमधील श्रम इतिहासात सहज दुर्लक्षित होतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

त्याच वर्षी क्रिस्टीन निवृत्त झाली व २०१४ मध्ये परतली. २०१८ मध्ये बकिंगहॅमला वगळून नील फिन व माइक कँपबेल यांना घेण्यात आले. त्यातून उद्भवलेला न्यायालयीन दावा त्याच वर्षी मिटला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी क्रिस्टीन निधन पावली. तिच्यावाचून वृंद पुढे चालविण्यात अर्थ नाही, असे निक्सने त्यानंतर जाहीरपणे सांगितले.

मूल्यमापन : या वृंदाचे नाव ताल धरणाऱ्या दोघांचे आणि कीर्ती मुख्यतः गीतकारांची, असा विभाग प्रथमपासूनच पडला. त्यामुळे प्रत्येक गमनानंतर नव्या प्रतिभेला जागा मिळाली व पाया मात्र ढळला नाही. ग्रीनचे ब्लूज आणि रूमर्समधील पॉप संगीत यांत साम्य थोडे आहे. तरीही दोहोंखाली तोच ड्रम व तीच बेस गिटार वाजते. परंतु पाया म्हणजे संपूर्ण वास्तू नव्हे, हेही १९९५ मध्ये सिद्ध झाले. न्यायालय नाव कोणाचे ते ठरवू शकते. वृंद कोणता ते अखेर श्रोते ठरवितात.